दुसऱ्या दिवसाची प्रीती

उपासमारीतून आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी पोटभर जेवू घालता येत नाही. महिनोन्‌महिने रिकामं राहिलेल्या शरीराला ताटभर अन्न सोसत नाही, त्या जेवणानेच ती दगावू शकते. म्हणून पेज द्यायची, तीही थोडीथोडी, आणि ती हात पुढे करून आणखी मागते तेव्हा मन घट्ट करून भांडं बाजूला ठेवायचं. मग केसांतल्या उवा काढायच्या, फोडांना मलम लावायचं, रात्री ती दचकून उठली की शेजारी जाऊन बसायचं. अशी एक मुलगी माणसांत यायला कित्येक महिने जातात. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अशा तीनशेच्या आसपास मुली आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात आणखी माणसं आणून ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई झाली. विधवांसाठी रमाबाईंनी चालवलेल्या शारदा सदनात जागाही नव्हती. सदनाला पुढेमागे स्वतःचं उत्पन्न असावं म्हणून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावजवळ शंभरेक एकर जमीन घेऊन फळझाडं लावली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मुली तिथे गेल्या. ‘मुक्ती’ नावाच्या संस्थेची सुरुवात ही अशी, प्लेग आणि दुष्काळ यांच्या कचाट्यात झाली.

मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रीती’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. प्रार्थनेत येतो, लग्नाच्या उपासनेत येतो, मयताच्या घरी येतो. मंडळीतल्या एकत्र जेवणाला ‘प्रीतिभोजन’ म्हणतात. देव प्रीती आहे, हे पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळतं. इतक्या सहज ओठांवर येणाऱ्या या शब्दामागे नेमकं कोणतं काम आहे, ते बघायला मला व्यासपीठावरच्या प्रवचनापेक्षा केडगावचं शेत अधिक उपयोगी वाटतं.

रमाबाईंना दुष्काळ वाचून माहीत नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास असं त्यांचं कुटुंब पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७०च्या दशकातल्या दक्षिणेतल्या टंचाईत या कुटुंबाकडचं सगळं संपलं. शास्त्र शिकलेल्यांना अंगमेहनतीचं काम येत नव्हतं, भीक मागायला मन धजत नव्हतं. तिरुपतीजवळच्या रानात त्यांनी पाणी, पाला आणि रानखजूर यांवर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी उत्तरेकडे निघाली. थंडीत पांघरूण नसल्याने नदीकाठी खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती झोपली, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी ज्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ती मुलगी या वाटेने तिथवर आली होती. वीस वर्षांनंतर मध्य प्रांतातल्या निवारा-छावण्यांमध्ये कोवळ्या मुलींवर कोणाच्या नजरा आहेत, हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही साधारण माहीत असते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. एक याजक येतो, पलीकडून निघून जातो. एक लेवी येतो, तोही तसाच जातो. मग शोमरोनी येतो. त्याची जात यहुद्यांना अप्रिय, रोटीबेटी तर दूरच. त्याला कळवळा येतो, तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो. बहुतेक प्रवचनं इथे थांबतात. गोष्ट मात्र पुढे जाते. शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो. याच्याकडे बघ, जास्त खर्च झाला तर परत येताना मी भरीन, असं सांगतो.

मला हा दुसरा दिवस फार महत्त्वाचा वाटतो. कळवळा पहिल्या दिवशी येतो, आणि तो पुष्कळांना येतो. दुसऱ्या दिवशी पैसे मोजावे लागतात, कोणाच्या तरी ताब्यात माणूस द्यावा लागतो, परत येण्याचा शब्द द्यावा लागतो. शिवाय त्या उतारशाळेच्या मालकाबद्दल कोणी बोलत नाही. पुढचे कित्येक दिवस पट्ट्या बदलल्या त्याने, आंघोळ घातली त्याने. येशूने सांगितलेल्या शेजाऱ्याच्या प्रीतीला एक उतारशाळा लागते, आणि ती चालवणारा लागतो. केडगावला रमाबाईंनी जे केलं ते हेच.

त्यांना हे सुचलं कुठून, याचं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. १८८२ साली नवरा बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेल्यावर रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि पुढच्या वर्षी लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन विलायतेला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या, त्यांतल्या काही आता इतरांची शुश्रूषा करत होत्या. अशा बायकांविषयी आपल्याकडे शास्त्रात काय म्हटलं आहे, हे रमाबाईंना पाठ होतं. ही माणसं असं का करतात, या त्यांच्या प्रश्नाला एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या त्या बाईकडे येशू पाणी मागतो आणि देवाविषयी तिच्याशी बरोबरीने बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या धर्माच्या सिद्धांतांमुळे ख्रिस्ती झाल्या असं म्हणणं अपुरं ठरेल. आधी त्यांनी काम पाहिलं, मग त्या कामामागचा माणूस कोण हे विचारलं.

केडगावला पुढे ‘कृपा सदन’ उभं राहिलं ते फुलहॅमच्या आठवणीतून. तिथे इतर कोणी दारात उभं करणार नाही अशा बायका आल्या. अंधांसाठी ‘बार्तीमी सदन’ निघालं. बार्तीमय हा यरीहोच्या रस्त्यावर बसणारा आंधळा भिकारी. म्हाताऱ्यांसाठी ‘प्रीती सदन’ झालं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, पाणी, संडास, औषध, अंथरूण यांचा विचार करून पाहावा. विहिरी खणल्या, माग बसवले, तेलाचा घाणा चालवला, गाईगुरं पाळली, शिवणकाम शिकवलं, छापखाना घातला. या छापखान्यात मुक्तीतल्या बायकाच खिळे जुळवायच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा मराठीत पूर्ण बायबल उतरवलं, आणि ते इथेच छापलं. १९२१ साली मनोरमा वारली, आईच्या आधी. त्यानंतरही रमाबाई मजकूर तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा हे काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

रमाबाई सत्ताधाऱ्यांशी भांडायलाही कचरत नसत. १८९७मध्येच पुण्यातल्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांनी शब्द आवरले नाहीत.

आता जो प्रश्न मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलेला असणार, त्याकडे येतो. ही प्रीती धर्मांतरासाठी होती का? भुकेल्याला भाकरी देताना दुसऱ्या हातात बायबल असेल, तर त्या भाकरीचं काय करायचं?

१८८९ साली शारदा सदन आधी मुंबईत निघालं तेव्हा धर्म शिकवणार नाही असं रमाबाईंनी स्पष्ट कबूल केलं होतं. अमेरिकेत त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाचीही तीच अट होती. सदनात ब्राह्मण विधवांचं सोवळंओवळं सांभाळलं जाई. रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये याचा बभ्रा झाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग मला अनाठायी वाटत नाही. त्यांनी एका कबुलीवर विसंबून मुली पाठवल्या होत्या. मात्र ज्या गोष्टीवर आपलं सगळं जगणं उभं आहे ती दाराआड लपवून करायची, हे रमाबाईंना जमणारं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांच्या धर्मांतराची पाठराखण केली होती, पुण्याच्या सुधारकांपैकी फार थोड्यांना तेवढं धैर्य झालं.

त्याच सदनात गोदूबाई जोशी राहत होत्या, सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ साली त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्लग्न झालं, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा त्यासाठी वर्गणी गोळा करत बाया गावोगाव फिरल्या. शारदा सदनात एका मुलीला जे मिळालं ते असं या आश्रमापर्यंत, हिंगण्याच्या माळावर पोहोचलं, आणि वाटेत तिचा धर्म बदलला नाही. रमाबाईंच्या प्रीतीचा हा पुरावा मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा वाटतो.

मुक्तीबद्दल मात्र एवढं सोपं उत्तर देता येत नाही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिथल्या मुलींना आईबाप नव्हते, दुसरं घर नव्हतं. ज्या हातांनी जगवलं त्यांचा देव तोच आपला देव, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. ती निवड मोकळी होती की नाही, हे आज बाहेरून ठरवणं कठीण आहे. १९०५मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक संजीवन झालं, मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि त्याचा बोलबाला जगभर झाला. या गोष्टीकडे संशयाने बघणारे तेव्हाही होते. मी एवढंच नोंदवीन की रमाबाईंनी दुसऱ्याच्या प्रीतीखाली दबून जायला स्वतः नेहमी नकार दिला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांच्यावर आईसारखी माया केली आणि आईसारखीच आज्ञाधारकपणाची अपेक्षा धरली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचवलं तेव्हा त्या संतापल्या. आपल्या विवेकबुद्धीवर कोणत्याही चर्चची मालकी त्यांना मान्य नव्हती, आणि हे त्यांनी पत्रांतून वारंवार बजावलं. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. उपकारकर्त्यांसमोर वाकायला नकार देणाऱ्या बाईने स्वतः उपकार करताना समोरच्याला किती मोकळं सोडलं, याच मोजमापाने मुक्तीचा इतिहास तपासायला हवा.

नगरच्या टिळकांच्या घरात हीच प्रीती चुलीपाशी आली आणि तिची किंमत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. पुढची चारपाच वर्षं नवराबायको दुरावली. लक्ष्मीबाईंच्या अंगावर नवरा जिवंत असताना वैधव्यासारखे दिवस आले. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं आणि चूल वेगळीच ठेवली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि त्यांच्यासारख्या तापट माणसाला ते किती जड गेलं असेल, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला समजतं. शेवटी जातीचा पडदा लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने बाजूला केला आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा हात सढळ होता. घरात उद्याचं पीठ आहे की नाही हे बघण्याची सवय त्यांना नव्हती. दुष्काळातली पोरकी मुलं त्यांनी घरी आणली. त्यांना जेवू घातलं, न्हाऊ घातलं, शहाणं केलं ते लक्ष्मीबाईंनी. ख्रिस्ती चरित्रांत शोमरोनी पुष्कळदा पुरुष असतो आणि उतारशाळा त्याची बायको चालवते. लक्ष्मीबाईंनी हे हसत लिहिलं, रडगाणं गायलं नाही, म्हणून आपण त्यांच्या कष्टांकडे दुर्लक्ष करू नये.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा तरुण राहिला. बालकवी. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. त्याचे रुसवे, त्याची भीती, त्याचे लहरी दिवस त्यांनी सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, त्या घरात ती अटही नव्हती. १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनऱ्यांना हे पचायला जड गेलं. मे १९१९मध्ये टिळक वारले आणि दरबार रुजायच्या आधीच थांबला. मराठी ख्रिस्ती इतिहासातली ही मला सर्वांत चटका लावणारी जागा वाटते.

जातीचा पडदा लक्ष्मीबाईंनी सारला, पण चर्चने तो पुरता सारलेला नाही, हे इथे म्हटलं पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग कुटुंबांतून उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पूर्वाश्रमीची जात सोयरिकीच्या वेळी बरोबर आठवते. गोव्यात बामण, चारडो, सुदीर ही विभागणी चारशे वर्षांच्या ख्रिस्ती आयुष्यानंतरही लग्नाच्या बोलणीत डोकं वर काढते. प्रभुभोजनात एका भाकरीचे तुकडे वाटले जातात, आणि रविवारी तीच माणसं घरी गेल्यावर मुलीसाठी ‘आपल्यातला’ मुलगा शोधतात. येशूने सांगितलं होतं की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाचं आपल्याविषयी काही गाऱ्हाणं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा, मग परत यावं. खेड्यातले पाळक प्रभुभोजनाच्या आधी भांडणं मिटवून या असं बजावतात ते यामुळेच. बांधाच्या, पाण्याच्या, वाटणीच्या भांडणांत हे थोडंफार पाळलंही जातं, दोन भाऊ एकमेकांच्या दारात जातात. जातीच्या बाबतीत मात्र ही शिकवण अजून रस्त्यात आहे.

मग सर्वांत कठीण प्रीती, वैऱ्यावरची. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमोथी, जीपमध्ये झोपली होती. जमावाने जीप पेटवून दिली. ग्रॅहम १९६५पासून बारीपद्याला कुष्ठरुग्णांत काम करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. ही बातमी देशभर गेली, पहिल्या दिवसाची बातमी म्हणून. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. ग्लॅडिस मुलगी एस्थरला घेऊन तिथेच राहिल्या आणि कुष्ठधामाचं काम पाहत राहिल्या. पतीच्या स्मरणार्थ रुग्णालय उभं केलं, आणि २००४मध्ये मायदेशी, ऑस्ट्रेलियाला गेल्या. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी एक भेद नीट राखला होता: क्षमा ही आपली गोष्ट, गुन्ह्याचा निवाडा ही कायद्याची गोष्ट. खटला चालला, शिक्षा झाली, २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेने त्यात आडकाठी आणली नाही.

हा भेद आपल्या मंडळ्यांत फार सैल झाला आहे, आणि त्याचा भार बायकांवर पडतो. क्षमा करणं ज्याला इजा झाली त्याच्याच हातात असतं. तिसऱ्याने त्याच्याकडून ती वसूल करायची नसते. तरीही नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला प्रीती सगळं सोसते, सगळं सहन करते, या अर्थाची पौलाच्या पत्रातली वचनं ऐकवून परत पाठवलं जातं. त्या पत्रात पौल करिंथ इथल्या भांडखोर, एकमेकांना कमी लेखणाऱ्या मंडळीला झापत होता. मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवायला ते लिहिलेलं नव्हतं.

कायदाही दीर्घकाळ याच सल्ल्याच्या बाजूने उभा होता. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या कलम १०नुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. निव्वळ मारहाण, कितीही असो, पुरेशी नव्हती. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या तरतुदीतला अन्याय्य भाग घटनाबाह्य ठरवला, आणि २००१मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. म्हणजे एकशे बत्तीस वर्षं. नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईला नवऱ्याच्या घरी पाठवू पाहणाऱ्या इंग्रजी न्यायावर रमाबाईंनी १८८७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात आग पाखडली होती. त्यांचं नाव अभिमानाने घेणाऱ्या चर्चमधल्या बायकांना तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं वाट पाहावी लागली.

आता कायद्याचा अडसर नाही, तरी पहिला सल्ला प्रार्थनेचा आणि धीर धरण्याचाच मिळतो. प्रार्थना तिने करावीच. पण तिला चार रात्री झोपायला मंडळीतलं कोणतं घर उघडं आहे, पोलीस ठाण्यात तिच्यासोबत कोण जाणार, वकिलाचे पैसे आणि मुलांची फी कोण भरणार, हे विषय आपल्या चर्च कमिटीच्या सभेत शेवटचे कधी निघाले, ते प्रत्येक मंडळीने आपलं इतिवृत्त उघडून पाहावं.